सातचा फोन

वाल्मीक नाना धुळ्याला देवपुरात एकटे राहत, आणि त्यांचा गॅस त्यांची मुलगी प्रज्ञा जळगावहून बंद करी. म्हणजे फोनवरून. पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी डोळे उघडल्याबरोबर एकदा, डबा भरताना एकदा, स्कूटरला किल्ली लावण्याआधी एकदा, आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत पोचल्यावर दुधाच्या दोन नमुन्यांच्या मधे जितक्यांदा जमेल तितक्यांदा. "नाना, गॅस बंद केला ना?" "बंद शे." "बरे आहात ना?" "बठ्ठं बरं शे, बेटा." नानांच्या अहिराणीतून सगळं बरं आहे एवढं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडे, आणि दहा मिनिटांत भांड्यातून पुन्हा बाहेर येई.

दिवसाला तीस-पस्तीस फोन. नाना एकदाही वैतागले नाहीत. एकतीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस तो. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी आपला वेग न सोडण्याची त्यांना सवय होती.

हे सगळं चार वर्षांपूर्वी सुरू झालं. एका मंगळवारी कामाच्या गडबडीत प्रज्ञाचा रोजचा फोन राहून गेला, आणि त्याच दुपारी आई, द्रौपदाबाई, पंख्याखाली पडल्या पडल्या गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, हे प्रज्ञाला चांगलं कळत होतं. शिकलेली बाई होती, रोज दुधाची फॅट मोजत होती. पण कळल्याने हात फोनकडे जायचा थांबत नव्हता. तिचा नवरा राकेश महावितरणमध्ये होता. दिवसभर खांबावरच्या तारांशी झुंजून घरी आल्यावर त्याला कुलूप लागलं का, नळ बंद आहे का, नानांचा आवाज आज बारीक होता का, अशी परीक्षा द्यावी लागे. शेवटी त्याने हात टेकले आणि तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. गोळ्या लिहून दिल्या. बोलून उपचार करणाऱ्या बाई महिन्यातून एकदाच येत, म्हणून मधल्या दिवसांसाठी डॉक्टरांनीच फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्या ॲपची मराठी कोणी केली होती कोण जाणे. "प्रिय वापरकर्त्या, तुमची ऊर्मी शिखरावर आहे, तिच्यासोबत बसा," असं ते म्हणायचं. राकेशला हसू आवरेना. प्रज्ञा हसली नाही. ती खरंच बसली.

ॲपची पद्धत साधी होती. फोन करावासा वाटला की 'ऊर्मी आली' हे बटण दाबायचं. मग घड्याळ सुरू होई, आणि भीती दहापैकी किती, ते दर पाच मिनिटांनी सांगायचं. फोन करायचा नाही. सारखं सारखं "सगळं ठीक आहे ना" असं विचारण्याला ॲपने 'खात्री मागणे' असं नाव दिलं होतं. खात्री न मागता गेलेले दिवस ते मोजून ठेवी, मोठ्या हिरव्या आकड्यात. दिवसात एकच फोन करायला परवानगी होती, संध्याकाळी सातला, पाच मिनिटं.

घरच्यांसाठीही एक पान होतं. रुग्ण पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारेल, तेव्हा न रागावता, न हसता एवढंच म्हणा, 'मला माहीत नाही.' प्रज्ञाने ते धुळ्याला जाऊन नानांना वाचून दाखवलं. नानांनी दोनदा वाचायला लावलं, मग ठळक अक्षरांत लिहून मागितलं आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलं. डेपोतून लेखी आदेश यावा तसं ते त्याच्यापुढे उभे राहिले.

"म्हणजे बरं शे हाई बी सांगानं नही?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना."

"आन् बरं नही राह्यनं तर?"

या प्रश्नाचं उत्तर पानावर नव्हतं. प्रज्ञा म्हणाली की तब्येतीचा विषयच नको, नियम म्हणजे नियम. ॲपने असं कुठंही म्हटलं नव्हतं. पण अर्धा नियम पाळणं तिच्या स्वभावातच नव्हतं. जिथे एकदा हात धुवायला सांगितले तिथे ती चारदा धूत आली होती, आणि आता बरं होण्याचं कामही तिने त्याच हातांनी घेतलं. नानांनी मान हलवली. त्यांनी नोकरीत कधी आदेशावर वाद घातला नव्हता.

पहिल्या दिवशी भीती दहापैकी दहा होती. तिसऱ्या दिवशी तिने फोन राकेशच्या कपाटात ठेवून किल्ली त्याच्याकडे दिली. पंधराव्या दिवशी सहा, विसाव्या दिवशी चार. राकेश कौतुकाने तिच्यासाठी रोज काहीबाही आणू लागला, एकदा गजरा, एकदा गरम जिलबी. प्रज्ञा जिलबी खाई आणि गोड आहे असं म्हणे. तोंडात काही तरी विरघळतंय एवढंच तिला कळे. भीती उतरत होती खरी, पण उतरताना तिने बाकीचंही बरंच खाली नेलं असावं. डेअरीतली मैत्रीण रडत आपल्या मुलाच्या आजाराचं सांगत होती, तेव्हा प्रज्ञा तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही, याचंही वाटत नव्हतं. गोळ्यांमुळे होत असेल, कमी करून बघू, असं डॉक्टर म्हणाले.

सातचा फोन मात्र नेमाने होई. नाना थंडीचं सांगत, पांझरेच्या पुलावर किती गर्दी असते ते सांगत, खालच्या मजल्यावरच्या बेबाबाईंनी भाजी आणून दिली ते सांगत. प्रज्ञाने पहिल्या आठवड्यात दोनदा चुकून विचारलं होतं, बरे आहात ना. नानांनी तिथल्या तिथे म्हटलं, "माले माहीत नही, बेटा," आणि कागदावरचं बरोबर म्हटलं की नाही, ते तिलाच विचारलं. मग आकडा पुन्हा शून्यावर आला, आणि तिथून जो चढला तो मोडला नाही.

पस्तिसाव्या दिवशी फोनमागे टुक टुक असा आवाज येत होता, ठरावीक अंतराने. नाना सावकाश बोलत होते, शब्दाशब्दाला थांबून. काय वाजतंय, हा प्रश्न प्रज्ञाच्या ओठांवर आला. तिने ओठ मिटले. तिने विचारलं नव्हतं तरी नाना आपणहून म्हणाले, टी.व्ही. चालू शे. फोन ठेवल्यावर तिने भीतीचा आकडा भरला, दोन. ॲपने पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडवले आणि प्रिय वापरकर्त्याचं अभिनंदन केलं.

त्याच आठवड्यात राकेश तीन दिवस नाशिकला ट्रेनिंगसाठी गेला होता. परतला तो दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले. एरवी तिने त्याची पाठ सोडली नसती. या वेळी तिने त्याला चहा दिला, आणि कपड्यांना दवाखान्यातल्या फिनाईलसारखा वास येतोय असं मनात आलं, तेही जाऊ दिलं. येणारा विचार येतो आणि जातो, त्याला चहा विचारायचा नाही, असं ॲपच्या आठव्या धड्यात होतं.

शेवटच्या धड्यात परीक्षा होती. जिच्याबद्दल भीती वाटते त्या व्यक्तीकडे आधी न कळवता जा, प्रवासात फोन बंद ठेवा. एक्केचाळिसाव्या दिवशी, रविवारी, राकेश ड्यूटीवर गेल्यावर प्रज्ञाने भरीत केलं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या, डबा बांधला आणि त्याला निरोप टाकला की धुळ्याला जातेय. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. बस एरंडोलला थांबली, पारोळ्याला थांबली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती खिडकीतून बाहेर बघत होती. कापूस वेचून झालेली शेतं दिसत होती. नानांना हिरवा आकडा दाखवायचा, एवढी एकच इच्छा तिला होती, आणि ती खरीखुरी होती.

नानांच्या दाराला कुलूप होतं.

हेच कुलूप तिने चार वर्षं डोळ्यांपुढे पाहिलं होतं, दिवसातून पस्तीस वेळा. आता ते समोर होतं. ती डबा हातात धरून उभी राहिली. भीती यायला हवी, असं तिला वाटलं, उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी तसं तिने थोडं थांबूनही पाहिलं.

जिना चढून बेबाबाई वर आल्या. जयभीम म्हणाल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुले राकेशनी सांगं नही?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सहा दिवसांपूर्वी सकाळी नानांच्या छातीत कळ आली, बेबाबाईंनी रिक्षातून दवाखान्यात नेलं, राकेश जळगावहून तीन तासांत येऊन पोचला आणि त्यानेच सह्या केल्या. हृदयाच्या नळीत दोन जाळ्या बसवल्या. साखर वाढली म्हणून सुटी लांबली. प्रज्ञाला कळवायचं नाही, अशी नानांनी सगळ्यांना शपथ घातली होती. तिचे दिवस मोडतील, असं ते म्हणत होते. ऑपरेशनला नेतानाही त्यांनी राकेशला आधी विचारलं होतं की सात वाजेपर्यंत बाहेर येईन ना.

बेबाबाईंनी किल्ली काढून दार उघडलं. कॅलेंडरच्या दोन पानांवर मिळून, आकडा नव्याने सुरू झाल्यापासून, रोजच्या चौकोनात एक फुली होती. चौतीस फुल्या नानांच्या, ताठ, ड्रायव्हर लोक लॉगशीटवर मारतात तशा. पुढच्या सहा वेड्यावाकड्या होत्या. त्या नानांनी दवाखान्यातून सांगून बेबाबाईंना रोज मारायला लावल्या होत्या. बघायचं नव्हतं तरी प्रज्ञाने गॅसकडे बघितलं. बटण बंद होतं. रेग्युलेटरही काढून ठेवला होता.

तिने फोन सुरू केला, तर राकेशचे चौदा कॉल येऊन गेलेले. पंधरावा तिने घेतला. रोज सांगणार होतो, असं तो म्हणाला. "तू इतकी बरी होत होतीस, प्रज्ञा," मग म्हणाला. तिला त्याचा राग आला नाही. नियम कुणी वाढवून सांगितला होता, ते तिला पक्कं माहीत होतं, आणि हे तिने त्याला सांगितलंही.

दवाखान्यात नाना खिडकीजवळच्या पलंगावर होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, हाताला सुई, आणि शेजारी ते यंत्र, टुक टुक वाजणारं. तिला बघून ते दचकले, चोरी पकडल्यासारखे. मग त्यांनी हळूच विचारलं, "एक्केचाळीस ना आज?"

प्रज्ञाने फोन काढून हिरवा आकडा दाखवला. नानांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला, आणि शेजारच्या पलंगावरच्या माणसालाही दाखवला. माझी पोर, असं ते त्याला म्हणाले. प्रज्ञा स्टुलावर बसली. त्यांचा दंड तिने धरला तर बोटं पार पलीकडे जाऊन टेकली.

"नाना," ती म्हणाली, "बरे आहात ना?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हसले नाहीत, अगदी पानावर लिहिलं होतं तसं. "माले माहीत नही, बेटा," ते म्हणाले.

तिने त्यांना समजावलं, की आता तसं म्हणायची गरज नाही. ते ऐकेनात. दिवस संपला नही अजून, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. उरलेली दुपार दोघं तशीच बसून राहिली. मधे नर्स येऊन साखर बघून गेली. डब्यातलं भरीत चालणार नाही म्हणाली, भाकरी अर्धी द्या. ती अर्धी भाकरी नानांनी दुधात कुस्करून खाल्ली.

सात वाजले. रोज ज्या वेळी फोन वाजे त्या वेळी ॲपने नेहमीचा प्रश्न टाकला, आज तुम्ही खात्री मागितली का? नाना मान वळवून बघत होते. प्रज्ञाने 'हो' दाबलं. हिरवा एक्केचाळीस गेला आणि तिथे राखाडी शून्य आलं. काही हरकत नाही, प्रिय वापरकर्त्या, असं त्याखाली लिहून आलं.

"हाई काय करं तू?" नानांचा आवाज फाटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता मोडायला काही उरलं नाही, नाना," ती म्हणाली. "तब्येतीचं बोलायचं नाही, हे ॲपने नव्हतं सांगितलं. ते मी सांगितलं होतं. माझं चुकलं. आता सांगा, बरे आहात का?"

नानांनी त्या शून्यावर बोट टेकवून पाहिलं. यंत्र वाजत होतं.

"नही, बेटा," ते म्हणाले, आणि छातीवर हात ठेवला. "दुखी राह्यनं. आठे, आन् या हातमा. रातले झोप नही लागत. एकलाले भ्याव वाटस."

चार वर्षांत, हजारो वेळा विचारून, हे पहिलं उत्तर होतं. प्रज्ञाच्या छातीत काहीतरी दुखलं, बारीकसं, आणि ते दुखणं तिने ओळखलं. तिने फोन पर्समध्ये टाकला, स्टूल पलंगाला टेकवलं आणि नाना सांगतील तिथे, छातीवरून दंडापर्यंत, हात फिरवत बसली. पुन्हा तिने विचारलं नाही.