मागच्या दाराची दोरी

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि स्वतःचं कौतुक सांगायला मला तोंड उरलेलं नाही. माझं नाव हेरॉन. अमेरिकेतल्या मेरिवेल कंपनीची मी गाडी. रंगाने पांढरी म्हणून बेलापुरात मला सगळे बगळा म्हणतात. गेली सात वर्षं मी अमृतदादांच्या अंगणात राहते.

आमच्या कंपनीत मोठे साहेब बदलले की गाड्यांचं नशीब बदलायचं. हे किस्से आम्हां गाड्यांना एकमेकींकडून कळत. पहिले साहेब स्वतः हात काळे करणारे होते. वीज असो नसो, प्रत्येक दार आतून हाताने उघडलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. ते निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. यांना सगळं गुळगुळीत हवं होतं. त्यांनी दारांचे दांडे काढून बटणं बसवायला सांगितली. एका इंजिनियरबाईंनी विचारलं, "बॅटरी बसली तर?"

साहेब हसले. "पुढच्या दारांना ठेवा दांडे. मागे कोण बसतं?"

शेवटी मागच्या दारांना, ओढली की दार उघडेल अशी, एक दोरी दिली आणि दारातल्या कप्प्याच्या तळाशी, रबराखाली दडवली. तिची माहिती पुस्तकात, एकशे बाराव्या पानावर, इंग्रजीत. माझे फोटो मात्र झकास छापून आले. मीही नाक वर करून मिरवले, खोटं कशाला सांगू? पुढे तिसरे साहेब आले. त्यांना अवाढव्य गाड्यांचा सोस. त्यांनी हेरॉन हे नावच मोडीत काढलं आणि भारतातला कारभारही आवरला.

मागे कोण बसतं ते मला बेलापुरात कळलं. मागे अमृतदादांच्या आई, गोजरबाई बसायच्या. गुडघे दुखायचे, पण बाई खमकी. विहिरीवरची पाण्याची मोटार स्वतः चालू करायची, फ्यूज गेला तर स्वतः तार घालायची.

यंदा मे महिन्यात आम्ही शनीच्या शिंगणापूरला गेलो. गुडघ्यांमुळे चालवत नाही म्हणून गोजरबाई माझ्यातच थांबल्या. अमृतदादांनी काचा लावल्या, इंजिन बंद करून पंखा तेवढा चालू ठेवला, आणि ते जयावहिनींना घेऊन दर्शनाच्या रांगेत गेले. थोड्या वेळाने माझी बॅटरी बसली आणि पंखा थांबला.

गोजरबाईंनी दाराचं बटण दाबलं, काचेचं दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. बाहेर कडक ऊन होतं. पुढच्या सीटवर जायला गुडघे वाकेनात. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि काचेवर थापा मारायला सुरुवात केली. ज्या गावात घरांना दारं लावत नाहीत, तिथे मी एका म्हातारीला कोंडून उभी होते. माझं बाहेरचं बटणही मेलेलं. अखेर तेल-रुईच्या हारांचं दुकान मांडलेल्या लंकाबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी दगड घेऊन पुढची काच फोडली, आत हात घालून दांडा ओढला आणि गोजरबाईंना पुढच्या दारातून कसंबसं ओढून बाहेर काढलं. त्या घामाने निथळत होत्या, ओठ पांढरे पडले होते.

अमृतदादा धावत आले. आधी आईला पाणी पाजलं, मग गोरक्ष मेकॅनिकला फोन लावला. त्याने सांगितलं तसं रबर उचललं आणि ते ओरडले, "आई, हितंच तर हुती की दोरी!"

गोजरबाईंनी मान खाली घातली. "मला अडाणीला काय कळतंय, बाबा? माझ्यापायी तुझी काच गेली."

मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. चूक माझ्या घडणीची, आणि ओशाळली ती माउली! दादांनी काच बदलली, बॅटरी बदलली. "तुझं काही चुकलं नाही," एवढं मात्र कोणी म्हणालं नाही.

आता त्या माझ्यात बसत नाहीत. तेही चाललं असतं. पण त्या विहिरीवरच्या मोटारीलाही हात लावत नाहीत. परवा घरचा फ्यूज गेला, तर अंधारात बसून राहिल्या. "मला न्हाई जमायचं आता. काहीतरी इपरीत हुईल."

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठ्या खुर्चीत बसाल, तेव्हा वस्तू नीट घडवा. पण तोवर थांबायला माझ्याकडे वेळ नाही. तुमच्यापैकी कोणी बेलापूरला गेलं, तर आमच्या ओट्यावर गोजरबाईंजवळ दोन मिनिटं बसा आणि त्यांना सांगा, "आजी, दोरी दडवून ठेवली होती. ती कोणालाच सापडली नसती."