पाचव्या तासाचा खोकला

"आमची शाळा बंद होणार हे कळलं. पण पेटिफोर्ड सर कुठे शिकवणार?"

हा प्रश्न मी भर सभेत उभी राहून विचारला, कारण माझ्या मैत्रिणीने, जोनेटाने, पैज लावली होती. विचारला तर तिची ईस्टरच्या सणाची पिवळी हॅट माझी. शिक्षणाधिकारी मिस्टर हॅस्केल यांनी नुकतंच जाहीर केलं होतं, की सप्टेंबरपासून हॉलोवे हायस्कूलला कुलूप लागेल आणि आम्ही सगळी काळी मुलं गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये जाऊ. टाळ्या चालूच होत्या. माझ्या प्रश्नावर त्या थांबल्या.

हॅस्केलसाहेब गोड हसले. "छान प्रश्न आहे, मुली. सगळ्यांचा विचार केला जाईल."

"म्हणजे नाही," जोनेटा माझ्या कानात पुटपुटली. हॅट मात्र तिने दिली. ती डोक्यावर चढली तेव्हापासून मी कुणाला घाबरेनाशी झाले.

हॉलोवेत पेटिफोर्ड सर म्हणजे अख्खा विज्ञान विभाग. केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी, सगळं एकाच खोलीत आणि एकाच माणसाकडून. सेंट्रलने टाकून दिलेल्या, तडे गेलेल्या काचेच्या नळ्यांवर त्यांनी आम्हाला शिकवलं. कुणी चुकलं तर ते रागवत नसत. मला म्हणत, "वर्नेलबाई, तुमच्या हिशेबाने आत्ता आपलं छप्पर उडालंय. खाली या आणि पुन्हा मांडा." मला मोठेपणी त्यांच्यासारखं फळ्याशी उभं राहायचं होतं, आणि हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

हॅस्केलसाहेबांनी विचार केला, तो असा. सरांना सेंट्रलमध्ये घेतलं, पण वर्ग दिला नाही. गोऱ्या आईबापांना ते चाललं नसतं. त्यांना स्टडी हॉल दिला, म्हणजे मोकळ्या तासाला मुलांना गप्प बसवून ठेवायची खोली. अट एकच, शिकवायचं नाही. शिकवलं तर नोकरी गेली. पहिल्याच दिवशी सर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरींनो, मला इथे काही विचारू नका. घरी चार तोंडं आहेत."

केमिस्ट्रीला आम्हाला बेसबॉलचे कोच डनिंग होते. ते मुलांकडून पुस्तक आळीपाळीने वाचून घेत आणि स्वतः खिडकीतून मैदान बघत. वर्गात प्रत्येक टेबलाला गॅसचा नळ होता. काचेच्या पेटीत नाजूक तराजू होता. तराजूवर धूळ बसू नये म्हणून पेटी, आणि पेटी उघडू नये म्हणून कोच.

पाचवा तास आमचा स्टडी हॉलचा. पेन्सिलला टोक काढायचं यंत्र सरांच्या टेबलाशेजारी भिंतीला ठोकलेलं होतं. एक दिवस मी उठले, वही त्यांच्या टेबलावर उघडी ठेवली आणि टोक काढायच्या निमित्ताने बोट माझ्या केमिस्ट्रीच्या गणितावरून एकेक ओळ खाली नेलं. तिसऱ्या ओळीला सर खोकले. मी जागेवर येऊन ती ओळ खोडली, पुन्हा गेले. आता ते खोकले नाहीत.

"तुझ्या पेन्सिली संपत आल्या गं," जोनेटा म्हणाली. "उद्यापासून माझ्याही संपव."

मग आमची हॉलोवेची सगळीच मुलं टोकं काढू लागली. सरांचा खोकला वाढला, चेहरा मात्र उजळत गेला.

कॅरल ॲन स्टेपल्टन पुढच्या बाकावर बसायची. गोरी, भित्री. तिला नर्स व्हायचं होतं आणि केमिस्ट्रीत ती सपाटून नापास होत होती. तिने आमचा कारभार ओळखला. एकदा ती उठली, तेव्हा तिच्या पेन्सिलला आधीच टोक होतं. मी तिच्या मागेच उभी होते.

"सर," ती हळूच म्हणाली, "मलाही खोकून दाखवाल?"

सरांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्या वहीकडे. तिचं बोट खाली सरकत होतं. मी मनात म्हणत होते, नका, नका.

सर खोकले.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत कॅरल ॲनचे गुण वर आले. सणाच्या जेवणाच्या टेबलावर तिच्या आईने विचारलं, हे कसं झालं? तिने आनंदाने सगळं सांगितलं, आणि सरांना एक ॲपल पाय भाजून देऊ या का, असंही विचारलं. आईने काही भाजलं नाही. तिने मुख्याध्यापकांना फोन केला.

मुख्याध्यापक मिस्टर क्राउडरनी मला बोलावलं. "पेटिफोर्डने तुम्हाला शिकवलं का?" आमच्या सरांना मिस्टर म्हणायला त्यांची जीभ वळत नसे.

"नाही. त्यांना खोकला झालाय."

"आगाऊपणा नको. स्टेपल्टनच्या मुलीने सगळं सांगितलंय." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तू हुशार आहेस. महिला मंडळ दरवर्षी तुमच्यातल्या एका मुलीला खर्च देऊन टीचर्स कॉलेजला पाठवतं. मी तुझं नाव सुचवलंय. तेवढं गप्प राहायला शीक."

बाहेर कॅरल ॲन कपाटांना टेकून रडत होती. "मी त्यांचं कौतुकच केलं गं."

"हो," मी म्हणाले. "तेच त्यांना नडलं."

सोमवारी सरांच्या खुर्चीत कोचची बायको विणत बसली होती.

मी सरांच्या घरी गेले. ते खोकी दोरीने बांधत होते. उत्तरेकडच्या गॅरी शहरात त्यांचा चुलतभाऊ पोलादाच्या कारखान्यात होता, तिथे काम मिळणार होतं.

"आमच्यासाठी खोकलात ते ठीक," मी म्हणाले. "तिच्यासाठी कशाला?"

"चूक होती तिच्या वहीत," सर म्हणाले. "दिसली मला." आणि त्यांनी दोरीला दुसरी गाठ मारली.

त्या आठवड्यात मंडळाने माझं नाव पक्कं केलं. आईने रविवारची वाट न बघता मधल्याच वारी चिकन तळलं. बाबांनी तंबाखूच्या गोदामात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि चर्चमध्येही.

"आमच्या घरात शिक्षिका," बाबा ताटात दुसरा तुकडा घेत म्हणाले. "बसा म्हणावं आता जळत."

"त्यांना आभाराची चिठ्ठी लिही हं," आई म्हणाली. "चांगल्या अक्षरात."

"लिहिते," मी म्हणाले. "पण आई, बाबा, त्यात मी नाही म्हणून लिहिणार आहे. मी टीचर्स कॉलेजला जाणार नाही. केमिस्ट्री शिकेन, त्यासाठी पडेल ते काम करेन. पण गप्प राहायला मी शिकणार नाही, आणि शिक्षिकाही होणार नाही."