मोरीतून उठवलेली शहाबादी

आधी पाय जरा बाजूला घ्या. हां, आता बोलता येईल. तुम्ही ज्या करड्या दगडावर उभे आहात ना, तीच मी. शहाबादी लादी. मला पायपुसणं समजू नका.

चेंबूरच्या या बैठ्या घराच्या मोरीत माझा सारा जन्म गेला. आता मी मोरीच्या दाराबाहेर पडून आहे आणि आत दुसऱ्या नांदतायत. माझ्या पोटात काय होत असेल ते चारचौघांत सांगू नये म्हणतात. पण मी सांगणार. दगडाला कसली आलीय भीड?

माझा जन्म शहाबादकडच्या खाणीतला. आम्ही बहिणी एकीवर एक निजून होतो. माणसांनी पहारी घालून आम्हाला सोडवलं, छिनीने कडा सरळ केल्या आणि मालगाडीत भरून मुंबईला धाडलं. या घरचे आताचे मालक नाना, त्यांचे वडील तेव्हा इथे घर बांधत होते. माणूस मालवणकडचा, गिरणीत विणाई खात्यावर मास्तर. दगडी जोतं, चुन्याच्या भिंती, वर कौलं आणि मागे पडवी. आज चारी बाजूंना टॉवर उभे आहेत, त्यामुळे लोक या घराचे फोटो काढायला थांबतात.

फोटो काढतात ते पुढच्या खोलीतल्या रंगीत नक्षीच्या लाद्यांचे. मोरीचा फोटो कोण काढतो? पाहुणा आला की त्या नटव्यांवर नजर टाकून "वा!" म्हणायचा आणि माझ्याकडे आला की विचारायचा, "पाय कुठे धुऊ?" म्हणजे जळायची सवय मला पहिल्यापासूनच आहे.

पण मी मनाची समजूत घालायचे. त्या नक्षीवाल्यांवर लोक चपला घालून वावरतात, माझ्यावर मात्र अनवाणी येतात. नानांची पहिली आंघोळ माझ्यावर झाली. सुईण माझ्यावर पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर ते एवढंसं पोर टाहो फोडत होतं. पुढे त्याच पोराचं लग्न झालं, कुडाळहून वनमाला आली. दर शनिवारी ती काथ्या घेऊन मला घासायची, अगदी कोपऱ्यापर्यंत. तेवढा लाड त्या नक्षीवाल्यांच्या नशिबी कधी आला नाही.

मग गेल्या वर्षी, गणपती गेले त्याच आठवड्यात, नानांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. काही महिन्यांनी काठी घेऊन ते घरात चालू लागले, पण मोरीला कठडा होता चांगला वीतभर उंच. उजवा पाय तेवढा उचलेना. मग रोज सकाळी वनमाला एका बाजूने आणि मुलगा सुबोध दुसऱ्या बाजूने त्यांना धरून कठड्यावरून आत घ्यायचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे. सुबोध कामाला पळायचा आणि वनमाला आंघोळ घालायची.

नाना तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. उभ्या जन्मात ज्या माणसाने मोरीची कडी लावल्याशिवाय सदरा काढला नाही, त्याची आंघोळ दार उघडं ठेवून चालायची. साबण डोळ्यांत जात नव्हता, तरी ते डोळे मिटलेलेच असायचे.

एका रविवारी त्यांनी सुबोधचा हात धरला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा आणि थांबायला कुणालाच वेळ नसायचा. त्या दिवशी मात्र सुबोध थांबला.

"माका... एकट्याक... आंघोळ करूची आसा."

 दुसऱ्याच दिवशी सुबोध गोवंडीहून प्रितम मिस्त्रीला घेऊन आला.

प्रितमने मोरीत उकिडवं बसून माझ्यावर बोटं वाजवली. "दादा, कठडा काढून टाकू. पडवी आणि मोरी एका लेव्हलला. आतमध्ये ढाळ सगळा जाळीकडे, भिंतीला धरायला दांड्या. नाना सरळ चालत आत. वेटरूम बोलतात त्याला. पण जुन्या लाद्या उखडाव्या लागतील हां. ही शहाबादी बुळबुळीत होते."

बुळबुळीत! माझ्यावर या घराच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या, एक तरी घसरला का ते विचारा. आड येत होता कठडा, मग कठडा तोडा ना. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

पण दगडाचं कोण ऐकतो? हातोडा पडला. माझ्या बहिणींचे तुकडे होऊन गोणी भरल्या आणि डेब्रिजच्या टेम्पोतून गेल्या. कुठे गेल्या ते कुणी सांगितलं नाही. मी तेवढी अख्खी निघाले.

"मावशी, ही फेकू का?" प्रितमने विचारलं.

"राहू दे दाराशी. चिखलाचे पाय पुसायला होईल," वनमाला म्हणाली. जिने मला इतकी वर्षं घासलं ती हे बोलली. गरज सरो, वैद्य मरो.

मग त्या आल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, कोपऱ्यांना थर्मोकोल लावून. आम्ही आलो होतो तेव्हा आमच्या अंगावर गवताची काडीसुद्धा नव्हती. सुबोधने एक खोकं फोडलं आणि लादी उन्हात धरली.

"बघ आई, अँटीस्किड. आणि एकदम नॅचरल स्टोन लुक. शहाबादी फिनिश म्हणतात याला."

मी पाहिलं आणि मला पेटल्यासारखं झालं. माझाच रंग, माझ्याच रेघा! खऱ्या दगडाला दाराबाहेर काढायचं आणि त्याच्या छापील सोंगाला पैसे मोजून घरात घ्यायचं, ही अक्कल माणसांचीच. वर वनमाला म्हणते, "छान आहे हो, आपल्या जुन्या लादीसारखीच दिसते." अगं, मग जुनीच का नाही?

लाद्या बसवण्याआधी प्रितमने सिमेंटचा कोबा घातला, वर वॉटरप्रूफिंगचे हात दिले. मग जाळीचं तोंड बोळा घालून बंद केलं, सगळ्या मोरीभर पाणी भरलं आणि भिंतीवर पाण्याच्या काठाने पेन्सिलने रेघ मारली. पाणी रेघेला टिकलं तर काम पक्कं, खाली उतरलं तर कुठेतरी झिरपतंय. दोन-तीन दिवस हात लावायचा नाही, असं त्याने सुबोधला सांगितलं. सुबोधने मान हलवली. वनमाला तेव्हा आत भात उपसत होती. तिला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

संध्याकाळी तिने मोरीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सिमेंटला पाणी मारतात, माहितीय मला. पण म्हणून तळं करायचं? सकाळी पाऊण तास नळ येतो आपल्याला! डास झाले तर पालिकेची माणसं येऊन मलाच बोलतील."

तिने पदर खोचला आणि बादली आणली. एक बादली अळूला, एक क्रोटनला, बाकीच्या बादल्यांनी मागचं अंगण धुऊन घेतलं. तळाशी ओल राहील एवढंच पाणी ठेवलं, सिमेंटला पुरेल असं. शेवटची बादली तिने माझ्यावर ओतली आणि पायाने मला घासलं. कित्येक दिवसांनी पाणी लागलं हो अंगाला! नाना पडवीत खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी वनमाला बाजारात गेली होती तेव्हा प्रितम आला. रेघ पाहिली, पाणी पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, वाट लागली. पाणी सगळं उतरलंय."

सुबोध धावत आला. "सगळं? एका रात्रीत?"

"जुनं घर आहे ना. खाली कुठे भेग असणार. हे पाणी चुन्याच्या भिंतीत गेलं तर भिंत फुगेल. परत तोडून करतो मी, पण गॅरंटी नाही देणार यावेळी."

सुबोध मोरीच्या दारातच बसला.  मग म्हणाला, "राहू दे यार. घरच पडायचं एखाद्या दिवशी. कोबा फोड, कठडा बांध पुन्हा. ती बाहेरची शहाबादी पडलीय ना, तीच बसव मधे. नानांना काय, आम्ही उचलतोय तसंच उचलू."

काय सांगू तुम्हाला! मला वाटलं देव आहे. बसा म्हणावं आता खोक्यात, थर्मोकोल पांघरून! त्या नकली बायांकडे मी असं पाहिलं की डोळे असते तर बाहेर आले असते. पाणी कुठे गेलं ते मला ठाऊक होतं, अजून माझ्या कडेला ओल होती. पण मी कशाला सांगू? आणि सांगणार तरी कशी?

प्रितमने हातोडा उचलला.

"वनू..." नाना म्हणाले. "वनू..."

"आई बाजारात गेलीय, येईल इतक्यात," सुबोध मागे न बघताच म्हणाला.

"पाणी... वनू..."

"पाणी देतो हां, एक मिनिट. प्रितम, त्या कोपऱ्यातून सुरू कर."

नानांनी काठी घेतली. खुर्चीतून उठायला त्यांना नेहमी कुणीतरी लागायचं, त्या दिवशी ते एकटेच उठले. खांबाला धरत पडवीभर आले. त्यांचा डावा पाय माझ्यावर पडला. मला त्या तळव्याची ओळख पटली आणि मी मनात म्हटलं, नाना, मागे फिरा. गप्प बसा. मला परत आत येऊ दे, एवढं एकच करा माझ्यासाठी.

ते नाही थांबले. थेट आत गेले आणि प्रितमच्या हातोड्यापुढे काठी टेकवून उभे राहिले.

"वनून... काढल्यान. बादलीन. झाडांक... घातल्यान."

सुबोध त्यांच्याकडे वळला. "आईने पाणी काढलं? बादलीने?"

तेवढ्यात वनमाला दारात आली, हातात मासळीबाजारातून आणलेल्या बांगड्यांची पिशवी. "मग काय करणार होते? फुकट का घालवायचं पाणी?"

प्रितमने हातोडा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हसत सुटला. "मावशी, तुम्ही तर माझं नावच खराब केलं असतं! ते टेस्टचं पाणी होतं!"

"मग सांगायचं नाही का रे, मेल्या?"

तिघं एकदमच बोलायला लागले. आणि मग प्रितम मधेच थांबला. "दादा," तो म्हणाला, "पण नाना आत कसे आले?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाना आपल्या पायांकडे पाहत होते. कठडा नव्हता, धरायला दांडी अजून लागली नव्हती, ओला कोबा होता, आणि ते मोरीच्या मधोमध एकटे उभे होते. वनमालाने पदर तोंडाला लावला. मला खोटं बोलता येत नाही: त्या क्षणी मी सोडून सगळ्यांना आनंद झाला.

पुन्हा पाणी भरलं. या वेळी वनमालाने दारात पाट टाकून राखण केली, कावळ्यालासुद्धा चोच लावू दिली नाही. पाणी रेघेवरून हललं नाही. मग प्रितमने त्या नव्या एकेक करून बसवल्या. मधे छोट्या खुंट्या, वर लेव्हल पट्टी, हातोडीच्या रबरी टोकाने हळूच टकटक. शेवटी फटींत ग्राउट भरून, फडक्याने पुसून, अशी काही चमक आणली की मी तोंड फिरवलं असतं, तोंड असतं तर.

आज नानांची तिथली पहिली आंघोळ. म्हणून तुम्हाला थांबायला लागलंय.

मघाशी ते काठी टेकत आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. कडीचा तो आवाज ऐकून सुबोध हसला आणि कामाला गेला. वनमाला मात्र टॉवेल घेऊन इथे बाहेर उभी राहिली. मग माझ्यावरच बसली.

आतून पाण्याचा आवाज येत होता. तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. मग स्वतःशीच म्हणाली, "चांगलं झालं हो. आता ह्या वेळेला मी काय करायचं, तेवढं कुणीतरी सांगा."

तिचे डोळे भरले होते. मी चपापले. मला वाटत होतं, त्या दारावर जळणारी मी एकटीच. आणि इथे माझ्यावर बसलेली ही बाई, जिने वर्षभर त्या माणसाच्या अंगावर तांब्या तांब्या पाणी घातलं, तीही त्याच दाराकडे बघत होती. बहिणी गेल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी जोडीला मिळालं. म्हटलं, बस बाई. आपण दोघी बाहेरच्या.

तेवढ्यात आतलं पाणी थांबलं.

"वनू... पाठ रवली गो."

"अहो, पाठ राहिली तर ब्रश आणलाय ना सुबोधने लांब दांड्याचा! तिथेच टांगलाय, दांडीला."

आत काठी टेकल्याचा आवाज झाला. मग कडी काढल्याचा आवाज आला.

"ब्रश नको," नाना म्हणाले. "तू ये."

ती ताडकन उठली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत गेली. दार लोटलं. म्हणजे जोडीला मिळालेली तीही आत गेली आणि मी परत एकटीच. ती कोरी करकरीत नवी जात आता त्या दोघांना बघतेय, आणि मला नुसता आवाज येतोय.

जळते का अजून? जळते. उद्याही जळेन. पण तुम्हाला एक विनंती आहे. नानांना भेटायला आला असाल तर घाई करू नका आणि दार वाजवू नका. मुकाट्याने उभे राहा माझ्यावर. पाठ धुऊन होऊ दे त्यांची.