ओल्या काचेवर नाव नाही

"ताई, बाकी सगळं त्यांचं सामान न्या. या पाच काचा मात्र मोडीत," स्टोअरकीपर म्हणाला. "ना नाव, ना थर. काय करायचं त्यांचं?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. पिशवीत बाबांचा चष्मा, कप आणि कोपराला ठिगळ लावलेला कोट होता. एकतीस वर्षं ते या प्रयोगशाळेत समुद्रतळाचा चिखल धूत आले होते. आम्लात धुऊन, गाळून मागे उरायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची काचेची कवचं. ती काचेच्या पट्टीवर डिंकाने चिकटवायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना चिखलकाका म्हणत आणि त्यांनाही ते आवडे.

"डिंक वाळल्याशिवाय लेबल लावायचे नाहीत," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "म्हणायचे, ओल्या काचेवर नाव नाही. किती भांडले मी!"

या पाच काचा वाळत ठेवून ते घरी गेले होते. दुसरा दिवस उजाडला, तो त्यांच्याशिवाय.

"पुन्हा नाही बनवता येणार?"

"चिखल संपला गं. तेवढ्यासाठी जहाज कोण पाठवतंय? समुद्रतळाच्या पाच थरांची नोंद आहे वहीत, पण कुठली काच कुठल्या थराची, ते त्यांच्या डोक्यात."

"मी बघू?"

"तू? तू तर ग्रंथालयात कामाला ना?"

"लहानपणी रविवारी याच स्टुलावर बसायचे मी."

तिने पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गोल गोल टोपल्यांसारखी कवचं, जाडजूड विणीची. ती नऊ वर्षांची असताना बाबांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं कानात आलं.

"समुद्राच्या पाण्यात काचेचं सामान विरघळलेलं असतं, साखरेसारखं. आधी या टोपलीवाल्यांची चैन होती. हव्या तेवढ्या जाड भिंती! मग हे डबीसारख्या कवचांचे डबीवाले वाढले आणि वरच्या वर सामान उचलायला लागले. पाहुणे वाढले की चहात पाणी वाढतं ना, तसं. एवढ्याशा जिवांनी अख्ख्या समुद्राचं पाणी पालटलं."

"मग टोपलीवाले मेले?"

"छे! थोडक्या सामानात नेटकं घर बांधायला शिकले."

सर्वांत जाड टोपल्या तळाच्या, जुन्या थरातल्या; सर्वांत नाजूक वरच्या, नव्या थरातल्या. पहिली, दुसरी, पाचवी पटकन लागली. उरलेल्या दोन सारख्याच दिसत होत्या. ती पुन्हापुन्हा डोळा लावत राहिली. आवाज नको म्हणून स्टोअरकीपरने पंखा बंद केला. शेवटी तिने एक काच डावीकडे ठेवली.

"हिच्यात डबीवाले कमी आहेत. ही खालची."

बाईंनी पाचही काचा सावकाश तपासल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "ग्रंथालयात उगाच गेलीस."

तिने लेबलांवर थर लिहिले. खाली 'तयार करणारा' अशी रिकामी जागा होती.

"इथे त्यांचं नाव?"

बाईंनी जुना खण ओढला. शेकडो काचा होत्या आणि प्रत्येकीवर त्या जागी फक्त एक टिंब.

"मी ओरडायचे. तर म्हणायचे, ज्या जिवांनी ही घरं खरी बांधलीत त्यांची नावं आधी लिहा, मग माझं."

ती हसली. बाबा गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मग बाबांच्या बारीक निबाच्या पेनाने तिने एकेक टिंब दिलं. पाचव्याची शाई ओली होती. शाई वाळेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली.