रिकामी होते, फाटकी नव्हते

मी एक जुनी जाळीची पिशवी आहे. मित्रांनो, माझ्यात कुणी कांदे-बटाटे भरत नाही. माझ्यात वाळलेली पानं भरतात, नेमकी पाच ग्रॅम, आणि मला दगडाला बांधून जंगलातल्या ओढ्यात सोडतात. साठ दिवसांनी बाहेर काढून उरलेली पानं सुकवतात आणि तोलतात. गळलेली पानं ओढ्यात किती वेगानं कुजतात, हे त्यावरून कळतं. आज मी रागावून बोलणार आहे, कारण माझ्यावर खोटा आळ आला आणि त्यात एका भल्या माणसाचं नाव खराब झालं.

ते म्हणजे मामा. प्रयोगशाळेतले मदतनीस, पण लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. मासेमारीच्या जुन्या जाळ्यातून त्यांनी मला कापलं, दुहेरी टाका घातला आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. माझी भोकं मुद्दाम मोठी ठेवली, किड्यांना आत येता यावं म्हणून. माझ्या शेजारी एक बारीक जाळीची बहीण असे, बाजारातून आणलेली. तिच्यात किडे शिरत नसत, फक्त डोळ्यांना न दिसणारे जीव शिरत.

तेव्हा पाणी हात गारठवणारं होतं. पानांवर आधी बुरशी चढायची, पान मऊ व्हायचं, मग अळ्या जेवायला यायच्या. एक अळी तर पानांचे तुकडे जोडून घर करायची आणि ते अंगावर घेऊन फिरायची. मामा तिला बिऱ्हाडवाली म्हणत. मला तिचा फार लळा होता. साठाव्या दिवशीही माझ्यात निम्मी पानं शिल्लक असत. संशोधन करणाऱ्या ताई वजन वहीत लिहीत आणि म्हणत, "मामा, तुमच्या पिशवीला तोड नाही."

मग काठावरची झाडं तोडली गेली. उन्हाळेही वाढले. ओढा कोमट झाला आणि ते न दिसणारे जीव पानांवर तुटून पडले. तिसाव्या दिवशीच पानं फस्त. त्यांतलं बरंचसं वायू होऊन हवेत गेलं, कुणाच्या पोटात गेलं नाही. अळ्या आल्या तेव्हा ताट रिकामं होतं. बिऱ्हाडवाली अर्धं घर अंगावर घेऊन हिंडली आणि एक दिवस दिसेनाशी झाली. साठाव्या दिवशी माझ्यात निघाल्या चार शिरा आणि चिमूटभर वाळू.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी मला हातसुद्धा लावला नाही. वहीतला आकडा पाहिला आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. "पिशवी फाटली असणार. मामा, वय झालं तुमचं. आता शिवणकाम बंद करा."

नोंद रद्द झाली. पुढच्या वर्षी रद्द, त्याच्या पुढच्याही वर्षी रद्द. मामा बाटल्या धुवायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी टेबलावर धडधाकट पडले होते आणि मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या वर्षी ताईंनी मला खिडकीपाशी नेऊन भोकन्‌भोक भिंगातून पाहिलं. मग बहिणीला पाहिलं. तीही रिकामी, तीही धड. आम्हा दोघींना त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"कुठं फाटलीय ते दाखवा, साहेब."

साहेबांनी मला उलटसुलट केलं. "मग पानं लवकर कुजत असतील. ओढा साफ राहतोय, चांगलंच आहे की."

"वर्षाचं धान्य महिन्यात संपलं, तर घर स्वच्छ झालं म्हणतो का आपण?" ताई म्हणाल्या. "चूक माझीही आहे. साठ दिवस, साठ दिवस करत बसले. तिसाव्या दिवशी एकदा उघडून बघायला हवी होती."

त्यांनी वहीतलं 'फाटली' खोडलं, 'रिकामी' लिहिलं आणि मामांना बोलावलं. मामांनी माझी शिवण पुन्हा ताणून पाहिली.

"माझं राहू द्या, ताई. ती बिऱ्हाडवाली दिसली का यंदा?"

ताईंनी वहीतलं अळ्यांचं पान उघडून शून्यावर बोट ठेवलं.

मित्रांनो, मामांचं नाव धुऊन निघालं, पण वाया गेलेली तीन वर्षं कोण आणून देणार? मला अजून राग आहे. रिकामी पिशवी दिसली, तर शिवणाऱ्याला बोल लावण्याआधी ओढ्यात एकदा हात बुडवून पाहा. साहेबांनी तीन वर्षांत तेवढंही केलं नव्हतं.