बक्षीसपत्राची साक्षीदार

ब्राह्मणपुरीचं कायदा शिबिर दिपालीने टाळून पाहिलं होतं. तालुका विधी सेवा समितीच्या यादीत त्या गावापुढे आपलं नाव दिसल्यावर ती तशीच कारकुनाकडे गेली आणि म्हणाली, "मला कळसाडी द्या, नाहीतर दुसरं कुठलंही गाव द्या." यादीवर सह्या झाल्यात, एवढं बोलून कारकुनाने फाईल मिटली. दिपाली त्या गावात दोन वर्षं सून म्हणून नांदली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी ती ब्राह्मणपुरीतून एका पिशवीनिशी निघाली होती. नवरा ललित याच्याशी पुढे कोर्टातून रीतसर फारकत झाली, त्याने दुसरं लग्न केलं आणि तिने वकिली शिकून घेतली. शहाद्याच्या कोर्टात ती उभी राहू लागली त्याला आता तीन वर्षं होत आली होती. या काळात गावाची वेस तिने ओलांडली नव्हती.

शिबिर मारुतीच्या मंदिरापुढच्या मंडपात होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे एक टेबल आणि माईक. दिपाली खुर्चीवर बसली तेव्हा पुरुषांत कुजबुज झाली आणि लगेच थांबलीही. तेवढ्यावरून तिला कळलं, लोकांना आधीच खबर होती. मंडप भरला होता तो कायदा ऐकायला नव्हे.

पहिला प्रश्न सरळ होता. एका म्हाताऱ्याचा बांध शेजारी दरवर्षी वीतभर कोरत होता, तर काय करावं? सरकारी मोजणी मागा, नकाशा हातात आल्याशिवाय भांडू नका, असं तिने सांगितलं. म्हातारा मान डोलावून खाली बसला. मग रतिलाल उठला. हा ललितचा चुलता, पांढरी टोपी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस.

"वकीलबाई, एक ईचारानं शे. बाई नवऱ्याचं घर सोडून आपल्या मनाने चालती झाली, तर तिले पोटगी भेटस का?"

पुरुषांत हसू पसरलं. दिपालीने ते ओसरू दिलं.

"कारण नसताना गेली तर नाही. छळामुळे गेली आणि ते तिने दाखवून दिलं, तर मिळते. मागायची की नाही, हे तिच्यावर."

"आणि लग्नात सासरच्यांनी घातलेलं सोनं?"

"तिला म्हणून घातलं असेल तर तिचं. निघताना तिने ते सासरीच ठेवलं असेल, तर तो तिचा चांगुलपणा."

आता कोणी हसलं नाही. तिने ते सोनं खरोखरच तिथे ठेवलं होतं आणि हे मंडपातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. रतिलालची मान ताठ झाली. मागून एकाने विचारलं, पोरीच्या लग्नात एवढा खर्च केल्यावर तिला पुन्हा शेतात हिस्सा कसला? खर्चाने हिस्सा फिटत नाही, ती म्हणाली. दुसऱ्याने विचारलं, वांझ बायकोला सोडायला कोर्ट किती वेळ लावतं? ललित एका खांबाला टेकून उभा होता. त्याने चपलेकडे पाहिलं, पण त्या माणसाला गप्प केलं नाही.

"त्या कारणावरून कोर्ट सोडचिठ्ठी देतच नाही," दिपाली म्हणाली. तिचा आवाज जागचा हलला नव्हता.

तेव्हा बायकांच्या बाजूने एक आवाज आला. "एकदा लिखी दिधं, ते परत लेता येस का?"

दिपालीला मान वळवायची गरज नव्हती. हा आवाज तिने दोन वर्षं पहाटेपासून ऐकला होता. प्रमिलाबाई, तिची सासू. त्या सगळ्यांत मागे, भिंतीला धरून उभ्या होत्या. अंगावरचं लुगडं विटलेलं, पायात चप्पल नव्हती. पूर्वी ही बाई गल्लीत निघाली की बायका वाट सोडत.

"काय लिहून दिलंय?" दिपालीने विचारलं.

"घर. आणि मळा."

"आई, घर चाल," ललित खांबापासून पुढे आला.

"कोनतं घर?" प्रमिलाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "मी मळामा मोटरनी खोलीमा ऱ्हास. हाई माले सांग वकीलबाई, परत लेता येस का नई?"

दिपालीला तिथेच थांबता आलं असतं. कचेरीत या, कागद बघून सांगते, असं म्हटलं असतं तरी कोणी बोट ठेवलं नसतं. पण प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर तिला येत होतं.

"साठीच्या पुढच्या माणसाने सांभाळाच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीस दिली, आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. प्रांत ते बक्षीसपत्र रद्द करू शकतात. अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपं."

रतिलाल टेबलापर्यंत चालत आला. "हाईच कराले उनी तू. आमचं घर फोडाले."

"मला समितीने पाठवलं. प्रश्न तुमच्या वहिनीने विचारला."

कोणीतरी माईकची वायर काढली. सभा तिथेच मोडली. मंडपाच्या कडेला चहा होता, तो सगळ्यांना वाटला गेला, अगदी समितीच्या शिपायालाही. दिपालीच्या टेबलाशी कप आला नाही.

चार दिवसांनी प्रमिलाबाई शहाद्याला कोर्टासमोरच्या तिच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"मी खुशीमा तुन्हाकडे नई उनू," त्या म्हणाल्या. "तीन वकिलांकडे गयतू. एक ललितचा दोस्त, दुसरा रतिलालना पाव्हना, तिसरा बोलना, मायलेकाच्या भांडनमा पडत नई."

"कागद आणलाय?"

प्रमिलाबाईंनी पदरातून कागद काढून टेबलावर ठेवला. दिपालीच्या हातात दिला नाही.

बक्षीसपत्र आठ वर्षांपूर्वीचं होतं. घर आणि चार एकर मळा प्रमिलाबाईंच्या नवऱ्याने हयातीतच त्यांच्या नावावर घेतला होता, ते दोन्ही त्यांनी एकुलत्या एका मुलाला दिलं होतं. दिपाली ओळीवर बोट ठेवत वाचत गेली. तिसऱ्या पानावर वाक्य सापडलं. लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना सदर घरात ठेवून त्यांचा आजन्म सांभाळ करावयाचा आहे. अट होती, आणि स्वच्छ शब्दांत होती. तिने पान उलटलं. शेवटच्या पानावर साक्षीदारांच्या सह्या होत्या. क्रमांक एक, रतिलाल. क्रमांक दोन, दिपाली ललित पाटील.

तिला तो दिवस आठवला. लग्नाला वर्ष झालं होतं. साक्षीला दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून तिला डोक्यावर पदर घेऊन रजिस्टर कचेरीत नेलं होतं. कागद करणाऱ्याने हेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि ललित म्हणाला होता, हे काय लिहायची गोष्ट आहे का.

"मला तुमचं काम घेता येणार नाही," ती म्हणाली.

"माले ठाऊक व्हतं." प्रमिलाबाईंनी कागदाला हात घातला.

"ऐकून तर घ्या. यावर माझी सही आहे. ज्या कामात आपण साक्षीदार, त्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही. अर्ज मी लिहून देते. प्रांतापुढे तुम्ही स्वतः बोला, तिथे वकिलावाचून अडत नाही. मला साक्षीला बोलावलं तर मी येईन. पण एक लक्षात ठेवा. मला जे विचारतील, त्याचं खरं तेच सांगेन."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्याबद्दलही."

प्रमिलाबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. या सुनेला मूल होत नाही म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, ते त्या दोघींनाच पुरतं माहीत होतं. शेवटी त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "लिख," त्या म्हणाल्या.

अर्ज गेल्याची बातमी गावात पोचायला एक दिवसही लागला नाही. दिपालीच्या माहेरी निरोप आला, पोरीला आवरा. कोर्टाच्या आवारात ललितचा वकील भूपेंद्र तिला आडवा आला आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, फारकत झालेल्या बाईने जुन्या सासरच्या भानगडीत पडलं की लोक काय म्हणतात, तुम्हाला सांगायला नको." ती त्याला वळसा घालून निघून गेली. त्या महिन्यात ब्राह्मणपुरीकडचे तिचे दोन पक्षकार आपले कागद परत घेऊन गेले.

प्रांत कार्यालयात तिची साक्ष लागली ती उन्हाळ्यात. प्रांत तरुण होते, बोलणं तुटक. त्यांच्यापुढे मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा पडला होता: दहा बाय आठची मोटरची खोली, वर पत्रे, संडास नाही, खाटेखाली खताच्या गोण्या. ललितचं म्हणणं होतं, आई भांडखोर आहे, केळीच्या राखणीला म्हणून ती आपल्या मर्जीने मळ्यात गेली. भूपेंद्र मागच्या बाकावर बसला होता. तिथे वकिलाला बोलता येत नसल्याने प्रश्न त्याने कागदावर लिहून ललितच्या हातात दिले होते.

ललितने वाचायला सुरुवात केली. "तुम्ही माझी आधीची बायको, बरोबर?"

"हो."

"फारकतीचा तुम्हाला राग आहे?"

"होता. आता कमी आहे, पण आहे."

भूपेंद्रने पेन उचललं. प्रांतांनी मान वर केली.

"तुम्ही घरात होता तेव्हा मी आईला सांभाळत होतो की नाही?"

"सांभाळत होता. औषधपाणी, जेवण, सगळं वेळच्या वेळी. तेव्हा आई घरातच राहायच्या."

बाजूच्या बाकावर प्रमिलाबाई पुटपुटल्या, "हाई काय बोली ऱ्हायनी." शिपायाने त्यांना गप्प राहायला सांगितलं.

ललितला जोर आला. त्याने पुढचा प्रश्न उंच आवाजात वाचायला घेतला, पण निम्म्यात अडखळला. "माझ्या आईने तुमचा... तुमचा छळ केला, हे खरं की नाही?"

दिपालीने प्रमिलाबाईंकडे पाहिलं नाही. "खरं आहे. दर महिन्याला माझं ताट बाहेर ओसरीवर मांडायच्या आणि याही महिन्यात काही नाही, असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायच्या. धान्याच्या खोलीला कुलूप होतं. भावाच्या लग्नाला मला पाठवलं नाही. हे पावणेदोन वर्षं चाललं. तुम्ही घरातच होता."

शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. ललितने हातातला कागद खाली घेतला. मग त्यात नसलेलं त्याने विचारलं, "मग तू तिच्यासाठी का उनी?"

"मी त्यांच्यासाठी आले नाही. मला नोटीस आली. ही सही माझी आहे. त्या दिवशी रजिस्टर कचेरीत सांभाळाचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तुम्ही ते ऐकलं होतं, आणि हे काय लिहायची गोष्ट आहे का, असं तुम्ही म्हणाला होता. आईंचा स्वभाव तेव्हाही असाच होता. अट मान्य करताना तो तुम्हाला ठाऊक होता."

प्रांतांनी लिपिकाला हे सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. भूपेंद्रचं पेन थांबलं होतं. भांडखोर आईचा जो मुद्दा त्याने उभा केला होता, तोच आता ललितच्या अंगावर आला होता.

बाहेर व्हरांड्यात प्रमिलाबाईंनी तिला गाठलं. "चार मानसांमा मन्ही अब्रू काढी तू."

"आधीच सांगितलं होतं."

"सांगं व्हतं म्हनीसन सांगी टाकाचं का?"

दिपाली जिन्याकडे वळली. तिला बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. सात वर्षं तिला वाटत होतं, हे कधीतरी कोणापुढे बोलता आलं तर ओझं उतरेल. ते उतरलं नव्हतं.

निकाल पावसाळ्यात आला. बक्षीसपत्र रद्द. घर आणि मळा पुन्हा प्रमिलाबाईंच्या नावावर. साक्षीदार क्रमांक दोन हिने अर्जदाराविरुद्धही सांगण्यास मागेपुढे पाहिले नाही, सबब तिची साक्ष विश्वासार्ह वाटते, असं प्रांतांनी त्यात लिहिलं होतं. ललित हायकोर्टात जाणार असल्याचं भूपेंद्र सांगत फिरत होता. पण प्रमिलाबाई घरात गेल्या होत्या. पुढच्या खोलीत त्यांची चूल मांडली गेली, मागच्या दोन खोल्यांत ललित आणि त्याची बायको. एका छपराखाली कोणी कोणाशी बोलत नव्हतं. रतिलाल गावात म्हणत होता, शहाद्याच्या बाईने आमच्या घरात भिंत घातली.

निकालाची नक्कल घ्यायला प्रमिलाबाई शहाद्याला आल्या आणि तिथून दिपालीच्या खोलीत. या वेळी पायात चप्पल होती. त्यांनी निकालाचं एक पान उघडून पुढे धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. ती ओळ त्यांनी वाटेत कोणाकडून तरी वाचून घेतली असावी.

"हाई मी तुले छळं ते लिखेल शे?"

"हो."

"हाऊ कागद कायम ऱ्हास?"

"कायम."

"हाई वाक्य काढता येस का? अर्ज करीसन?"

दिपालीने ती ओळ पुन्हा वाचली. वकील म्हणून उत्तर सोपं होतं, आणि दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतंही.

"नाही. दिलेली साक्ष काढता येत नाही."

प्रमिलाबाईंनी पान मिटलं, पदरात बांधलं. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. "नई तं नई," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून बस स्टँडच्या दिशेने चालू लागल्या.

बाहेर बाकावर वाट बघणाऱ्या माणसाला दिपालीने आत बोलावलं. त्याला विचारायचं होतं, पोलिसांनी तक्रार लिहूनच घेतली नाही तर काय करायचं. तिने त्याला बसायला सांगितलं आणि सांगू लागली.