जावईबापूंची पॅनेलं

आमची मुलगी लहानपणापासून येता-जाता "बाबा म्हणतात" असं म्हणायची. लग्नानंतर महिनाभरातच त्याचं "तो म्हणतो" झालं. तो म्हणतो, सकाळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तो म्हणतो, चहात साखर कमी घालावी. अरे, हा कोण टिकोजीराव लागून गेला? बेकरीत पाव भाजणारा माणूस! हिला वायर सोलायला मी शिकवलं, बॅटरी जोडायला मी शिकवलं, आणि चहातली साखर ठरवणार हा!

स्पष्टच सांगतो, मी जावयाला पाण्यात पाहायचो. त्याच्यात काही खोट होती म्हणून नव्हे. खोट असती तर बरं झालं असतं, चारचौघांत सांगता तरी आली असती. माणूस शांत, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या बायकोला तर त्याचं भारी कौतुक. "किती समजूतदार आहे हो," असं ती म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझं वर्कशॉप धक्क्याला लागून आहे. माणसं ज्यांत राहतात, झोपतात, स्वयंपाक करतात अशा व्हॅन माझ्याकडे येतात, बोटीही येतात. त्यांच्या टपावर सोलर पॅनेलं बसवायची, खाली बॅटरी जोडायची, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि मुलीचं. घरात तिला सगळे बारकी म्हणतात, पण कामात ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच आहे. मी काचेची पॅनेलं बसवतो. अॅल्युमिनियमची चौकट, खाली हवा खेळायला चार बोटं जागा, बोल्ट घट्ट. वजनाला जड, पण वर्षानुवर्षं हलायची नाहीत.

हल्ली ती वाकणारी पॅनेलं आली आहेत. पुठ्ठ्याएवढी पातळ, एका हातानं उचलावीत इतकी हलकी. गोंद लावायचा, टपावर चिकटवायची, संपलं. दिसायला झकास. पण वर काच नाही, प्लास्टिक असतं, ते उन्हानं पिवळं पडतं. कुणी वर पाय दिला की आतल्या वीज बनवणाऱ्या नाजूक चकत्यांना तडे जातात. आणि थेट पत्र्याला चिकटवलं की खालून हवा नाही, पॅनेल तव्यासारखं तापतं. एका निवृत्त जोडप्याची व्हॅन दोन उन्हाळ्यांत माझ्याकडे परत आली होती. टपावरची पॅनेलं करपलेली, बॅटरी रिकामी, फ्रिजमधलं सगळं नासलेलं. त्यातलं एक मेलेलं पॅनेल मी वर्कशॉपच्या भिंतीवर टांगून ठेवलं आहे. कुणी वाकणाऱ्या पॅनेलचं नाव काढलं की मी नुसतं तिकडे बोट दाखवतो.

तर जावयाला त्याच्या मामाची जुनी शिडाची बोट मिळाली. मग दोघांचा बेत ठरला की वर्षभर बोटीवर राहायचं, किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडायचं. तो बोटीवर पाव भाजणार, ही बंदरा-बंदरात लोकांची दुरुस्तीची कामं करणार. मला हे जेवताना सांगितलं. माझा घास तोंडातच राहिला.

"आणि वर्कशॉप?" मी विचारलं.

"वर्षाचाच तर प्रश्न आहे, बाबा."

वर्षाचा! एकदा गेलेलं माणूस परत येतं होय? मी जावयाकडे बघितलं. तो खाली मान घालून जेवत होता. ही कल्पना त्याचीच, माझी खात्री होती.

पुढच्या आठवड्यात धक्क्यावरून जाताना त्यांच्या बोटीकडे नजर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. केबिनच्या गोलसर छपरावर चार पॅनेलं. वाकणारी! जावई तिथंच दोर गुंडाळत बसला होता.

"जावईबापू," मी धक्क्यावरूनच ओरडलो, "माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर काय टांगलंय ते कधी पाहिलंत का? की पिठातून डोकं वर काढायला सवडच होत नाही?"

त्यानं वर पाहिलं. काहीतरी बोलणार होता, मग थांबला. "छप्पर गोल आहे, बाबा," तो हळूच म्हणाला. "काचेची बसली नसती."

"खालची चौकट गोलाईला वाकवून घेतली की बसतात. पण त्याला अक्कल लागते."

"चुकलंच असेल," तो म्हणाला.

बस, एवढंच. त्या दिवसापासून मी धरबंद सोडला. घरी, वर्कशॉपमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर, जिथं मिळेल तिथं जावयाच्या पॅनेलांचा उद्धार. "आमच्या जावयानं बोटीवर पापड वाळत घातलेत," असं मी सांगायचो आणि लोक हसायचे. बारकी मात्र हसायची नाही. ती हातातलं काम करत राहायची. मला वाटायचं, नवऱ्याची बाजू घ्यावी असं तिला वाटतंय, पण तोंड नाही.

आणि मी वाट बघायला लागलो. काय सांगू, रोज संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून मी त्या बोटीसमोरून जायचो. बोटीवर पाय ठेवला नाही, तेवढा ताठा होता. धक्क्यावर उभा राहून डोळे बारीक करून बघायचो, कुठे पिवळं पडलंय का, कुठे फुगलंय का. कडक ऊन पडलं की मला बरं वाटायचं. वारं सुटलं, बोट हेलकावे खायला लागली, की मनात म्हणायचो, जाऊ दे तडे. ही पॅनेलं बंद पडली की बेत बारगळला. दिवे, रेडिओ, बोटीत शिरलेलं पाणी उपसायचा पंप, सगळं त्यांच्यावरच चालणार होतं. ती गेली की बारकी इथंच राहणार.

उन्हाळा गेला. पॅनेलं होती तशीच.

निघायची वेळ जवळ आली तशी एक दिवस बारकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, बोटीवर चला. पॅनेलं तपासून द्या. तुम्ही हो म्हणालात तरच आम्ही निघणार. नाही म्हणालात तर या वर्षी राहू दे."

"तुझ्या नवऱ्याला चालेल?"

"त्यालाही तेच हवंय."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता आला कचाट्यात, म्हटलं.

दुपारी, ऊन चांगलं डोक्यावर असताना, मी मीटर घेऊन बोटीवर चढलो. जावई एका बाजूला उभा, बारकी दुसऱ्या बाजूला. मी गुडघे टेकले आणि आयुष्यात कधी केली नसेल इतकी बारीक तपासणी केली. खुसपट काढायचंच म्हणून बसलं की माणसाला किती दिसतं! पण खुसपट सापडेना. पॅनेलं थेट छपराला चिकटवलेली नव्हतीच. खाली पोकळ नळ्यांचा प्लास्टिकचा पत्रा घातलेला, म्हणजे हवा आरपार खेळत होती. वायरी छपरातून आत जातात तिथं पाण्याचा थेंब शिरणार नाही अशी टोपी. सगळे जोड एकसारखे, एका मापानं बांधलेले. कुठेतरी व्हिडिओ बघून केलं असणार, मी स्वतःशी म्हटलं. मनातून मात्र चरफडलो, कारण काम माझ्यासारखंच होतं.

पहिल्या पॅनेलाची वायर सोडवून मोजलं. ठणठणीत. दुसरं ठणठणीत. तिसऱ्याला मीटर निम्म्यावरच अडकलं. मी वाकून पाहिलं. कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग. डोलकाठीची सावली नेमकी त्या कोपऱ्यावर पडत होती. सावलीतली चकती वीज बनवत नाही, उलट बाकीच्यांची खाऊन तापते; रोज सावली पडणारी तेवढीच चकती तापून तापून करपली होती. चौथं पुन्हा ठणठणीत.

म्हणजे तीन चांगली, एक गेलेलं. ते एक काढायचं, नवं सावलीबाहेर बसवायचं, दोन दिवसांचं काम. हे मला तिथं गुडघ्यावर बसल्या बसल्या कळलं होतं.

मी उठलो. गुडघे झटकले. जावयाकडे बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. आणि मी म्हणालो, "चारही काढून टाका."

"चारही?" बारकीनं विचारलं. "पण मीटर तर तीन ठीक दाखवतंय."

"मीटरला काय कळतंय? आज ठीक दाखवेल. आत तडे गेलेत, ते माझ्या डोळ्याला दिसतात. समुद्रात चार लाटा बसल्या की चारही एकदम जातील. मग बसा अंधारात पाणी उपसत. हे काम ज्यानं केलंय ना, त्यानं पावच भाजावेत."

जावयानं बारकीकडे पाहिलं. बोलली ती बारकी.

"मी केलंय, बाबा."

मला आधी कळलंच नाही.

"पॅनेलं मी निवडली. मी बसवली. त्यानं नुसती गोंदाची नळी धरली. तुम्ही पहिल्याच दिवशी त्याच्यावर ओरडलात, तेव्हा आम्ही ठरवलं की तसंच राहू द्यायचं. माझं काम म्हटलं असतं तर तुम्ही न बघताच छान म्हणाला असता. नेहमी म्हणता. मला खरी तपासणी हवी होती. त्याच्या कामाकडे तुम्ही जसं बघाल, तसं माझ्या कामाकडे कुणीच बघणार नव्हतं."

मी जावयाकडे वळलो. इतके महिने पापड, पीठ, अक्कल, सगळं ह्यानं मूग गिळून ऐकून घेतलं होतं. घरी गेल्यावर दोघं त्यावर काय बोलत असतील? एका गुपितात दोघं होते आणि मी बाहेर. तुम्हाला वाटेल मला लाज वाटली. ती नंतर वाटली. आधी नुसता जळफळाट झाला.

"बरं झालं विचारलं," बारकी म्हणाली. "मला वाटत होतं जमलंय. मीटर बघून मी फसले. तडे मला दिसलेच नाहीत." तिनं पेटीतून पातळ पात्याची पट्टी काढली आणि पहिल्या पॅनेलाच्या कडेखाली घातली.

आता बोलायला हवं होतं. एकदा उपटलेलं वाकणारं पॅनेल परत वापरता येत नाही, उचलतानाच आतून मोडतं. मला ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पण मी गप्प बसलो. कारण चारही निघाली तर या वर्षी जाणं रद्द. ती रोज सकाळी वर्कशॉपमध्ये येईल, आणि आम्ही दोघं काम करू. तीच ती साधी गोष्ट मला हवी होती, आणि ती हातात आली होती. फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं.

पट्टी आत गेली. पॅनेल उचललं गेलं आणि आतून कडकड असा आवाज आला. चांगलं पॅनेल होतं ते. बारकीनं ओठ दाताखाली धरला, डोळे पुसले आणि दुसऱ्याकडे सरकली. जावई तिच्या शेजारी बसला. "मी काढतो, तू नको बघू," तो म्हणाला.

"नको. बाबा म्हणालेत ना. माझी चूक आहे, मीच काढते."

"थांब!" मी ओरडलो. "थांब, बारके! ते चांगलं आहे."

तिचा हात थांबला. "कोणतं?"

"हे. आणि ते चौथं. आणि..." मी उपटलेल्या पॅनेलाकडे बोट दाखवलं. "तेही चांगलं होतं. फक्त तिसरं गेलंय. सावलीनं."

"आणि तडे?"

"तडे नाहीत."

"मग तुम्हाला दिसले कसे?"

खरं तेच सांगितलं. "त्याचं काम आहे असं वाटलं म्हणून म्हणालो. तू जाऊ नयेस म्हणून म्हणालो. तुला त्यानं नेऊ नये म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणं कळतं. माझं मीटर खाली पडलं होतं, ते तिनं उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"तू मोज," ती म्हणाली. "उरलेली तिन्ही. आकडे मोठ्यानं वाच. मीटर म्हणेल ते आता खरं."

त्यानं बिचाऱ्यानं मीटर घेतलं. त्याला काय कळतंय त्यातलं? लाल तार काळ्याला आणि काळी लालला लावायला निघाला. मी पुढे झालो.

"अहो, उलटी धरलीत, ती लाल..."

"तुम्ही राहू द्या, बाबा," बारकी म्हणाली. तिनं त्याच्या हातावर हात ठेवून तारा सरळ केल्या, आणि तो आकडे वाचायला लागला.